ओहायोला जाण्याआधीचा शनिवार

हॅनकॉक
रविवार, १२ ऑक्टोबर

हेल्मीताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते उघडलं नसतंस, म्हणून पत्ता टाइप केला. ही लबाडीच आहे. पण आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

मी पायांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजांत अर्ज करतो आहे. पदवी अर्धी राहिली हे तुला माहीत आहे. पण तीन वर्षांचे विषय झालेले असले तर काही कॉलेजं अर्ज घेतात. अडचण सरासरीची आहे. चारपैकी दोन पूर्णांक नऊ असेल असं मी धरून चाललो होतो. सेंद्रिय रसायनात पहिल्या खेपेला नापास झालो, दुसऱ्या खेपेला चांगले गुण पडले, आणि इथल्या कॉलेजच्या गुणपत्रकावर नवे गुण जुन्यांच्या जागी बसतात. त्यामुळे जुने मी विसरूनच गेलो. अर्ज मात्र सगळ्या कॉलेजांसाठी एकाच कचेरीकडे करायचा असतो, आणि त्या कचेरीत दोन्ही खेपा धरतात. नापास झालेलं तिथे पुसलं जात नाही. सरासरी निघाली दोन पूर्णांक सहा. बाबांना मी दोन नऊ सांगून बसलो होतो. अजून दुरुस्त केलेलं नाही.

माझे पेपर चुकायचे नाहीत, ते पुरेच व्हायचे नाहीत. पहिलं उत्तर पुन्हा पुन्हा तपासत बसायचो आणि वेळ संपायची. आई म्हणायची, ओन्नी स्वर्गाच्या दारातसुद्धा पायपुसण्याला पाय पुसत बसेल आणि दार बंद होईल.

वर्षभर दर शुक्रवारी डॉ. ट्रेवार्थन यांच्या दवाखान्यात जातो आहे. अर्जाला पायांच्या डॉक्टरची शिफारस लागते, आणि ती मागायच्या आधी त्यांच्या मागे हिंडून काम पाहावं लागतं. बाई साठीच्या आहेत, जिभेला धार आहे. मी भीत भीत सरासरी सांगितली तर म्हणाल्या, "माझ्या कुत्र्याची याहून बरी निघेल."

मी वही मिटायला लागलो.

"पण तो स्वतःचीसुद्धा नखं कापू देत नाही. तू म्हाताऱ्यांचे पाय मांडीवर घेतोस आणि नाक मुरडत नाहीस. लिहिते पत्र."

बाबा बरे आहेत. साखर वरखाली असते, पण ती तशीच असते. शनिवारी अजून सौना तापतो, बाबा वाफेला बसतात. त्याबद्दल आणखी लिहीत नाही, नाहीतर इथेच फाडशील.

तुझा,
ओन्नी

हॅनकॉक
रविवार, ९ नोव्हेंबर

हेल्मीताई,

तुझं कार्ड आलं. एका बाजूला टूसॉनचे निवडुंग, दुसऱ्या बाजूला एकच वाक्य: "रसायन पुन्हा करू नकोस, त्याहून अवघड विषय घे आणि त्यात चांगले गुण मिळवून दाखव." खाली नाव नाही, सही नाही. तरी मी ते आरशात खोचून ठेवलं आहे. जीवरसायनाचा वर्ग घेतला आहे. पहिल्या परीक्षेत पेपर पुरा झाला. घाम फुटला, पण झाला.

आता एक गोष्ट सांगतो. ती तुलाच सांगायला हवी आणि तुलाच सांगायची भीती वाटते.

पाय बधिर झालाय का हे पाहायला आमच्याकडे नायलॉनचा एक जाड धागा असतो. रुग्णाने डोळे मिटायचे, आपण तळव्यावर ठिकठिकाणी धागा टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, आणि लागलं की त्याने "हं" म्हणायचं. डॉक्टरबाईंनी एक धागा सरावाला दिला. मी बाबांना म्हणालो, जरा मोजे काढा.

"आता माझ्यावर शिकणार वाटतं! गिनिपिगाला जेवायला तरी देतात," बाबा म्हणाले. मांस-बटाट्याची पास्टी नुकतीच खाऊन झाली होती, स्वारी खुशीत होती. खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटले.

मी उजवा तळवा पुरा केला, मग डावा पुरा केला. बाबा गप्पच. मी मान वर केली तर ते म्हणाले, "अरे, सुरू कर ना. मला झोप लागेल अशाने."

मी म्हणालो, "झालं, बाबा."

"झालं? मग पास की नापास?"

मी म्हणालो, "पास."

ताई, दोन वर्षांपूर्वी तू हेच सांगत होतीस. डायलिसिसच्या वॉर्डात तू असे पाय रोज बघतेस, म्हणून सांगत होतीस, की ज्याला पोळलेलं कळत नाही त्याने सौन्यात बसू नये. बाबांनी ऐकलं नाही, आणि ख्रिसमसच्या आदल्या दुपारी तू भट्टीवर बादली ओतलीस. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सौन्याची भट्टी. आपल्या फिनिश लोकांत मेलेल्यांनासुद्धा त्या दिवशी शेवटची वाफ ठेवतात, आणि तू ती विझवलीस. "माझ्या सौन्याची आग विझवणारा माझ्या घरात राहत नाही," असं बाबा म्हणाले आणि तू बॅग भरलीस. ते एक वेळ तू विसरली असशील. तुझी गाडी वळणावर जाईपर्यंत भट्टी पुन्हा कुणी पेटवली, ते तू विसरली नसशील. धूर तुला आरशात दिसला असणार.

काल शनिवार होता. धागा गुरुवारी लावला होता. कालची भट्टीही मीच पेटवली.

त्यांना सौन्याला नाही म्हणणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आजोबांनी जमीन घेतली तेव्हा घराआधी सौना बांधला. बाबा त्यातच जन्मले. मी मनाशी ठरवलं आहे, की कॉलेजचं काय ते होऊ दे, मग बोलेन. डॉक्टर होणार असलो तर माझ्या शब्दाला वजन येईल. आत्ता मी कोण?

ओन्नी

टोलीडोजवळ, हायवेवरचं मोटेल
रविवार, २५ जानेवारी

हेल्मीताई,

मुलाखतीला बोलावलं! एकाच कॉलेजाने, ओहायोतल्या. उद्या सकाळी आहे. बर्फातून दिवसभर गाडी हाकली, पुलावर वारा असा की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. सूट टांगून ठेवला आहे. बूट पुसले, मग पुन्हा पुसले. पायांचे डॉक्टर आहेत, आधी बूटच बघतील.

बाबा दारात उभे राहून हात हलवत होते. एका पायावर भार देऊन उभे होते, पण ते वयामुळे. डब्यात माशाचं कालवण आणि राईचा पाव दिला आणि म्हणाले, "त्यांना सांग, आमच्याकडे कुणी दोन सहा असत नाही, आमच्याकडे माणूस असतो किंवा नसतो." सरासरीचं मी त्यांना अखेर सांगितलं होतं. ते रागावले नाहीत. मला वाटलं होतं रागावतील.

परत आल्यावर डॉ. ट्रेवार्थनना एक गोष्ट विचारायची आहे. बुधवारपर्यंत थांबायला हरकत नसावी. पट्टी स्वच्छ आहे.

प्रार्थना करतेस की सोडलीस माहीत नाही. करत असलीस तर कर.

ओन्नी

मार्क्वेट, हॉस्पिटल
शनिवार, ३१ जानेवारी

ताई,

बुधवारी मी फोन केला तेव्हा तू एकच प्रश्न विचारलास: "तुला कधी दिसलं?" मी म्हणालो, परत आल्यावर.

ते खोटं आहे. मला शनिवारी दिसलं होतं.

आता सरळ लिहितो. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सौना मीच तापवला. मी वरच्या फळीवर होतो, बाबा खालच्या. वर चढू नका असं मी त्यांना सांगतो, आणि तेवढ्यावर मला वाटायचं की आपण काळजी घेतो. बाबा म्हणाले, "परवा परीक्षा ना? मग मी कॉलेजवाला." टॉवेल खांद्यावर कोटासारखा घेतला, घसा खाकरला.

"हं, मिस्टर कांगास. गुण इतके फुटके का?"

"सर, मी जरा सावकाश लिहितो..."

"सावकाश? म्हणजे पेशंटच्या एका पायाची नखं कापून होईपर्यंत दुसऱ्या पायाची जमिनीला टेकायची!"

आम्ही हसलो, ताई. आई गेल्यापासून आम्ही दोघं असे हसलो नव्हतो. त्यांनी भट्टीवर पाणी टाकलं आणि मागे टेकून बसले. भट्टीभोवतीचा लोखंडी कठडा तुला आठवत असेल. आजोबांपासून सगळे त्यावर तळवे टेकतात आणि चटका बसला की काढून घेतात. लहानपणी आपण पैज लावायचो, कोण जास्त वेळ ठेवतं. बाबांनी उजवा तळवा टेकला. चटका बसला नाही, म्हणून काढला नाही.

एक वास आला. वाफेत अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी भट्टीला लागली असेल असं वाटलं. मी खाली पाहिलं नाही. त्या वेळी मी "हाच व्यवसाय का निवडला" या प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवत होतो, आणि बाबा मान डोलावत होते.

बाहेरच्या खोलीत अंग पुसताना दिसलं. उजव्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी आडवा पांढरा पट्टा, आणि कडेने फोड धरत होता. बाबा म्हणाले, "काय बघतोस?"

"जरा पोळलंय."

"असेल. दुखत नाही."

दुखत नाही म्हणजे काय ते मला कळत होतं. त्याच वेळी इमर्जन्सीत न्यायला हवं होतं. अर्ध्या तासावर आहे. पण नेलं असतं तर तिथून मार्क्वेटला पाठवलं असतं, बर्फ वाढत होता, आणि सोमवारी सकाळी ओहायोत माझी खुर्ची रिकामी राहिली असती. एकाच कॉलेजाने बोलावलं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात टॉवेल वाळत टाकायच्या आत होऊन गेलं. मी मलम लावलं, पट्टी बांधली. बाबांना म्हणालो, फार चालू नका. त्यांनी विचारलं, "काही विशेष नाही ना?" मी म्हणालो, "नाही."

आता सोमवारचं ऐक. टेबलापलीकडे तिघं होते. गुणांबद्दल विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मग मधल्या बाईंनी विचारलं, "समजा, वयस्क माणूस आहे, मधुमेह आहे. सुट्टीच्या दिवशी सहज म्हणतो, तळव्याला फोड आलाय पण दुखत नाही. तुमच्या दवाखान्यात जागा बुधवारची आहे. काय सांगाल?"

मी एक क्षणही थांबलो नाही. म्हणालो, "दुखत नाही म्हणूनच आज. बुधवारी नाही, उद्याही नाही."

तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. बाई हसल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं उत्तर वेळेत पुरं झालं होतं.

बाहेर येऊन गाडीत बसलो आणि घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "मी ठीक. तू सांग, कसं झालं?" चांगलं झालं, असं मी म्हणालो. ते खूश झाले. शेजारच्या कुणाला तरी फोन करून त्यांना दवाखान्यात न्यायला सांगावं, एवढंसुद्धा मी केलं नाही. तेव्हा ते केलं असतं तर शनिवारी का केलं नाही, हा प्रश्न आला असता.

मंगळवारी मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरातच वास येत होता. बाबांना तसंच दवाखान्यात नेलं. डॉ. ट्रेवार्थन यांनी पट्टी सोडली, पायाकडे पाहिलं, मग हातातल्या पट्टीकडे पाहिलं. म्हणाल्या, "कुणी बांधली? सुरेख बांधली आहे."

मी म्हणालो, मी.

"म्हणजे बांधणाऱ्याला कळत होतं," त्या म्हणाल्या. मग स्वतःची गाडी काढून त्यांनीच आम्हाला मार्क्वेटला पोचवलं.

गुरुवारी उजव्या पायाची पाचही बोटं आणि पुढचा भाग काढला. टाच वाचली. हे तुला नंतरच्या फोनवर सांगितलंच आहे. तू जे विचारलं होतंस त्याचं उत्तर हे आहे.

ओन्नी

हॅनकॉक
रविवार, २२ फेब्रुवारी

ताई,

तू उत्तर दिलं नाहीस. मीही तुझ्या जागी दिलं नसतं. पण तू बाबांना फोन केलास. मी जिन्यावर उभा होतो. दोन वर्षांनी तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. बराच वेळ ते फक्त "हो... हो, हेल्मी... हो," म्हणत होते. शेवटी म्हणाले, "तुझी बादली मोठी असायला हवी होती." 

तू त्यांना शनिवारचं सांगितलं नाहीस. मला वाटलं होतं सांगशील. त्यांना अजून वाटतं की मला ते परत आल्यावरच नीट दिसलं. लोक भेटायला येतात, कॉफीसोबत वेलचीचा पाव खातात, आणि बाबा प्रत्येकाला सांगतात, "ओन्नीने बघितलं म्हणून टाच तरी राहिली." मी ताटल्या उचलून आत जातो.

मंगळवारी कॉलेजातून फोन आला. मला घेतलं आहे. उन्हाळ्यात आधी एक वर्ग पुरा करायचा, एवढीच अट आहे. फोनवरची बाई म्हणाली, "गुणांवरून समितीत वाद झाला. पण फोडाच्या प्रश्नाला तुम्ही जे उत्तर दिलंत त्यावर सगळ्यांचं एकमत झालं."

मी आभार मानले. 

नकार कळवायचा असं ठरवलं आहे. ज्या उत्तरावर जागा मिळाली ते माझ्या तोंडात होतं, हातात नव्हतं. शुक्रवारी डॉ. ट्रेवार्थनना सांगायला गेलो. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदाच बोलत होतो. त्या एका आजीच्या पायाचं कुरूप तासत होत्या, वर बघितलंसुद्धा नाही.

"नकोस जाऊ. मला काय त्याचं? शिफारस मागे घ्यायची असती तर तीन आठवड्यांपूर्वी घेतली असती. बापाला सांगितलंस का?"

"नाही."

"मग कॉलेजला कसलं सांगतोस? उलट्या टोकाने मोजा घालतोयस."

आजी म्हणाली, "काय केलंय गं या पोराने?"

"अजून काही केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तेच तर."

नकाराचं पत्र लिहून टेबलावर ठेवलं आहे. उत्तर द्यायला पंधरा मार्चपर्यंत मुदत आहे.

ओन्नी

हॅनकॉक
रविवार, १५ मार्च

हेल्मीताई,

काल बाबांना सांगितलं.

जेवण झालं होतं. पाय स्टुलावर होता, पट्टी बदलायची वेळ झाली होती. मी भांड्यात पाणी घेतलं आणि उभाच राहिलो. बाबा म्हणाले, "पाण्याला काय झालंय?" मग मी बोललो. धाग्यापासून सुरुवात केली, कारण खरं तर ते तिथूनच सुरू झालं. पास म्हणालो ते, वास आला ते, पट्टा दिसला ते, इमर्जन्सी अर्ध्या तासावर होती ते, आणि ओहायोत विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर. काही मागेपुढे केलं नाही.

बाबा पायाकडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे त्यांना तू आजच म्हणालास."

"हो."

"आणि मला काही विशेष नाही म्हणालास."

"हो."

"गेलो असतो तर तुझी मुलाखत चुकली असती."

"हो, बाबा."

 मग ते म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी म्हणालो असतो, तू जा. पाय बघता येईल. मी तुला हाकलून दिलं असतं ओहायोला." माझ्या जिवात जरा जीव आला, तो त्यांना दिसला असणार, कारण त्यांनी बोट वर केलं. "पण विचारायला हवं होतंस. पाय माझा होता, ओन्नी."

ताई, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तुझ्यावर ओरडले होते तसे.

मी नकाराचं पत्र आणून दाखवलं. वाटलं होतं, हे बघून त्यांना कळेल की मी शिक्षा घेतो आहे. त्यांनी चष्मा लावला, सगळं वाचलं, घडी घातली.

"अक्षर सुरेख आहे. म्हणजे माझा अर्धा पाय गेला तो गेला, आता तुझं कॉलेजही माझ्याच पायामुळे गेलं असं लोक म्हणणार. मी एका काठीवर चालतो रे. दोन्ही ओझी मला उचलवणार नाहीत. एक तू उचल."

"त्यांनी त्या उत्तरावर घेतलंय, बाबा. ते उत्तर..."

"मग त्यांना सांग कुणाचा पाय होता ते. घ्यायचं तर तरीही घेतील, नसेल घ्यायचं तर नाही घेणार. तू त्यांच्या वतीने ठरवू नकोस. माझ्या वतीने ठरवलंस तेवढं पुरे."

आज सकाळी कॉलेजला ईमेलने पत्र पाठवलं. यायची इच्छा आहे असं कळवलं, आणि खाली तो शनिवार लिहिला, जसा तुला लिहिला तसा. पुन्हा तपासला नाही. एकदा वाचला आणि पाठवून दिला. ते काय करतील माहीत नाही. जागा गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेन, तेव्हाही सरासरी तीच असेल. तूही मला लिहायलाच हवं असं नाही. बाबांना फोन करत जा. रविवारी दुपारपासून ते फोनजवळ बसतात आणि पेपर वाचत असल्याचं सोंग करतात.

काल हे सगळं बोलून होईपर्यंत पाणी गार झालं होतं. मी दुसरं आणलं आणि खाली बसलो. वाटलं, आता ते पाय आखडून घेतील, नर्सला बोलव म्हणतील. त्यांनी पाय पुढे केला.

"कर," ते म्हणाले. "पण बोलत बोलत कर. कुठे हात लावतोस, काय दिसतंय, सगळं सांग. मला पायातलं काही कळत नाही."

मी पट्टी सोडली. आता सोडतोय, असं सांगितलं. टाके कोरडे आहेत, सांगितलं. बाहेरच्या कडेला दाण्याएवढी लाल जागा होती. बहुधा काही नसेल, असं माझ्या तोंडावर आलं होतं.

"बाबा," मी म्हणालो, "इथे लाल दिसतंय. मला आवडलं नाही ते."

"मग?"

"मग आजच. चला."

"कोट दे," बाबा म्हणाले.

ओन्नी